एक जूनचे देसले

कुंडलिक देसले आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. वर्तकनगरच्या या इमारतीत आम्ही दोघं एकाच महिन्यात राहायला आलो, त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला माहीत असतं, आणि जे नसतं ते सुमतीबाई, म्हणजे त्यांची बायको, आमच्या घरी येऊन सांगतात. देसल्यांनी ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुनी दप्तरं ठेवतात त्या खोलीत, पस्तीस वर्षं नोकरी केली. माणूस सज्जन. कामासाठी आलेल्या कुणाचा कधी चहासुद्धा घेतला नाही. पण पहिल्या फेरीत कुणाला कागद दिला, असंही कधी झालं नाही. "अर्ज ठेवून जा, सोमवारी या," हे वाक्य ते झोपेतही बोलत, असं सुमतीबाई सांगतात.

कागदावर त्यांची श्रद्धा होती. घरचं विजेचं पहिलं बिल अजून त्यांच्याकडे आहे. पाहुणे आले की लोक अल्बम काढतात, देसले फाइल काढायचे. माणसं मरतात, घरं पडतात, कागद राहतो, असं ते म्हणत. आणि त्यांच्या कचेरीतली वाळवी पाहिलेले लोक गप्प बसत.

त्यांचा एकुलता मुलगा अपूर्व आणि सून रुपाली गेली सात वर्षं अमेरिकेत, कोलंबस नावाच्या शहरात आहेत. दोघंही संगणकातले. पहिल्या दोन वर्षांत ते एकदा येऊन गेले, मग येणं थांबलं. कारण असं की त्यांची तिथं राहण्याची परवानगी चालू होती, पण पासपोर्टावरचा शिक्का संपला होता. आत आहेत तोवर ठीक. एकदा बाहेर पडलं की परत आत जायला नवा शिक्का हवा, आणि त्याची तारीख कधी मिळेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. अपूर्वच्या एका मित्राची बायको आजीच्या तेराव्याला म्हणून नाशिकला आली ती आठ महिने तिथंच अडकली. तिकडे नवरा, भाड्याचं घर आणि हप्त्यावरची गाडी. तेव्हापासून या दोघांनी इकडची लग्नं, बारशी आणि मयती सगळं फोनच्या पडद्यावर उरकलं.

मग रुपालीला दिवस गेले. तिची आई नाही. बाळंतपणाला सुमतीबाईंनी जायचं ठरलं, आणि देसल्यांनी सोबत जायचं.

देसल्यांनी अर्ज भरायला घेतला. ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या एजंटावर त्यांचा विश्वास नव्हता. चष्मा पुसून ते संगणकासमोर बसले आणि एकेक प्रश्न मराठीत करून बायकोला विचारू लागले. मी शेजारी बसून होतो.

"तू कधी अतिरेकी कारवायांत भाग घेतला आहेस का?"

सुमतीबाई मेथी निवडत होत्या. "कधी घेणार? सकाळी पाणी येतं सव्वासहाला."

"हो की नाही, एवढंच सांग."

"नाही."

"हेरगिरी करण्याचा इरादा आहे का?"

"कुणाची?"

"त्यांची."

"तुमच्या सुनेचं घर कसं आहे ते बघणार आहे. ते धरतात का?"

देसल्यांनी थोडा विचार करून 'नाही' लिहिलं.

त्याच रात्री जेवताना अपूर्वचा फोन आला. त्याचा सूर घाबरलेला होता. "आई, एक ऐक. इंटरव्ह्यूत विचारलं ना कशाला जाता, तर बाळंतपण करायला जाते असं प्लीज बोलू नकोस हां. टुरिस्ट व्हिसावर बेबीसिटिंग म्हणजे ते लोक काम धरतात. रिजेक्ट होतो."

"कामच आहे ते," सुमतीबाई म्हणाल्या. "बरं झालं, कुणीतरी धरतंय."

"अगं आई, तसं नाही. तू फक्त म्हण, फॅमिली व्हिजिट आणि साइटसीइंग."

"म्हणजे मी पाटा-वरवंटा सोडून डोंगर बघायला चाललेय."

देसल्यांनी मात्र ते वाक्य वहीत लिहून घेतलं: पर्यटन व कौटुंबिक भेट. पुढचे पंधरा दिवस ते सकाळ-संध्याकाळ बायकोकडून ते म्हणवून घेत. दुसरीकडे फाइल वाढत होती. घराचे कागद, पेन्शनचं पुस्तक, मुलाचे पगाराचे कागद, लग्नाचा दाखला, लग्नाची पत्रिका, लग्नाचे फोटो, रुपालीच्या माहेरच्यांचं संमतिपत्र, जे कुणीही मागितलं नव्हतं. आपण भारतात परत येणार हे सिद्ध करायला हवं असं त्यांनी कुठंतरी वाचलं, तेव्हा मुरबाडकडच्या गावातली वडिलोपार्जित पाऊण एकर भातशेती, तिचा सातबारा आणि सगळ्या भावंडांच्या जन्मतारखांसकट वंशावळ तयार झाली. एकूण पानं दोनशे बारा. प्रत्येक पानावर क्रमांक, वर सूची, कडेला रंगीत चिकटपट्ट्या. असं दप्तर त्यांनी नोकरीत असताना कलेक्टरांसाठीही केलं नव्हतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बोटांचे ठसे द्यायचे होते. देसल्यांचे झटक्यात उमटले. सुमतीबाईंचे उमटेनात. यंत्रावरच्या मुलीने तीनदा बोटं पुसायला लावली, मग क्रीम लावलं, मग स्वतःच्या हाताने बोट धरून दाबलं. "मावशी, रेषाच नाहीयेत तुमच्या. भांडी हाताने घासता का?"

"मग कशाने घासू?"

मागून देसले म्हणाले, "माझे घ्या पाहिजे तर. स्पष्ट आहेत."

शेवटी सातव्या प्रयत्नाला यंत्र मानलं.

दुसऱ्या दिवशी वांद्र्याला, वकिलातीत, खिडकीपलीकडे एक तिशीची गोरी बाई होती. मराठी शिकलेली. मराठी ऐकून देसल्यांना बरं वाटायला हवं होतं, पण ते उलट बिचकले; इंग्रजीत आपलं काय चुकलं ते कळत नाही, मराठीत सगळंच कळतं.

"नमस्कार. तुम्ही अमेरिकेला कशासाठी चालला?"

"पर्यटन व कौटुंबिक भेट," देसले कोर्टात साक्ष द्यावी तसे म्हणाले.

बाईंनी सुमतीबाईंकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

पंधरा दिवसांची तालीम होती. पण सुमतीबाईंच्या तोंडून निघालं, "सुनेला सातवा लागलाय."

देसले खोकले.

"ओ. मग तुम्ही तिथं काम करणार?"

"घरातलं."

"नोकरी नाही?"

"नोकरीला पगार असतो बाई. रविवार असतो."

त्या बाई हसल्या. आणखी एक-दोन गोष्टी विचारल्या, मुलगा काय करतो, परत कधी येणार. सुमतीबाई म्हणाल्या, चार-पाच महिन्यांत यायलाच हवं, यांना साधा वरणभातही लावता येत नाही. बाईंनी दोघांचे पासपोर्ट एका बाजूला सरकवले. झालं होतं. सुमतीबाई आजही शपथेवर सांगतात की झालं होतं.

पण देसल्यांना ते सोसवेना. दोनशे बारा पानं, आणि एकाही पानाला हात लागला नव्हता. "मॅडम, कागदपत्रं," ते म्हणाले.

"नको काका. गरज नाही."

"निदान पृष्ठ एकशे अडतीस तरी पाहा. वंशावळ. मी भारतात परत येणार याचा पुरावा."

खिडकीखालच्या फटीतून त्यांनी ते पान आत सारलंसुद्धा. बाईंनी सौजन्य म्हणून पाहिलं. मग भुवया जवळ आल्या.

"सहदेव गोविंद देसले, एक जून एकोणीसशे साठ. कुंडलिक गोविंद देसले, एक जून एकोणीसशे साठ. तुम्ही जुळे?"

"नाही. सहदेव थोरला. साडेचार वर्षांनी."

हे ऐकून त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. देसले समजावू लागले. आपल्याकडे पूर्वी शाळेत घालताना तारीख कुणाला ठाऊक नसे. सहदेव गुरं राखायचा, त्याला उशिरा घातलं. कुंडलिक त्याच्यामागे रडत गेला म्हणून त्यालाही त्याच दिवशी बसवलं. गुरुजींनी दोघांची मिळून एकच तारीख लिहिली, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून एक जून. सगळ्यांचीच लिहायचे. म्हणून तर सरकारी कचेऱ्यांतून एकतीस मेला एवढे लोक निवृत्त होतात की निरोप समारंभाला हार पुरत नाहीत. आई सांगायची, चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी, खळ्यावर भाताची झोडणी चालू असताना कुंडलिक झाला.

"म्हणजे पासपोर्टवरची तारीख चुकीची आहे?"

पस्तीस वर्षं अभिलेख सांभाळलेला माणूस, 'चुकीचा अभिलेख' हा शब्द कसा ऐकून घेणार? देसले ताठ झाले. "रेकॉर्ड बरोबर आहे, मॅडम. फक्त वस्तुस्थिती वेगळी आहे."

सुमतीबाईंना व्हिसा मिळाला. देसल्यांच्या हाती एक रंगीत चिठ्ठी आली. अधिक तपासणी, जन्माची मूळ नोंद सादर करावी.

आठवडाभर सुमतीबाई म्हणत राहिल्या, मी एकटी जाणार नाही. त्या एकट्या कुठं गेल्या असतील तर आंबिवलीला, माहेरी. आणि तिथंही स्टेशनवर भाऊ यायचा. मग रुपालीला डॉक्टरने पडून राहायला सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "तिकीट काढा."

शिकागोला विमान बदलायचं होतं. तिथं पासपोर्टाच्या खिडकीतून त्या सुखरूप सुटल्या. नवरा का नाही आला, असं विचारल्यावर "रेकॉर्डमध्ये अडकलेत" असं त्यांनी सांगितलं आणि ते त्या माणसाला पटलं. अडल्या त्या सामानापाशी. एक कुत्रा आला, त्यांच्या बॅगेजवळ बसला आणि उठेना. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा आणि वेखंडाची मुळं. अधिकाऱ्याने एकेक पुडी टेबलावर मांडली. सुमतीबाईंना इंग्रजी येईना म्हणून फोनवर एक हिंदी दुभाष्या दिला.

"हे मूळ कशासाठी?" अधिकाऱ्याने वेखंड उचललं.

सुमतीबाईंनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, बच्चे को धुरी देने का. दुभाष्याला धुरी माहीत नव्हती. त्याने धूर ओळखला आणि तिकडे इंग्रजीत सांगितलं की ही बाई बाळाला धुरात धरणार आहे. अधिकाऱ्याने फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि वरच्या साहेबाला बोलावून आणलं. चाळीस मिनिटं गेली. शेवटी साहेबाने स्वतः एक लाडू हुंगला, वेखंड जप्त केलं, बाळंतशेपाही ठेवून घेतला आणि लाडू सोडले. सुमतीबाईंनी वेखंडाची पावती मागितली. नवऱ्याने सांगितलं होतं, काही दिलं की पावती घ्यायची. साहेबाने एक छापील कागद दिलाही. तो देसल्यांनी फाइलला लावला आहे.

इकडे देसले जन्माची मूळ नोंद शोधायला निघाले. जुन्या काळी गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद कोतवाल बुकात होत असे, आणि त्यांच्या गावची कोतवाल बुकं होती त्यांच्याच जुन्या कचेरीत. ते खूश होते. माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. टेबलावर आता प्रीतम नावाचा तरुण कारकून होता. देसल्यांनी स्वतःची ओळख करून दिली. प्रीतम आदराने उभा राहिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, अर्ज ठेवून जा, सोमवारी या."

सोमवारी गेलो. मग पुढच्या सोमवारी. तिसऱ्या सोमवारी प्रीतमने एक पिवळा पडलेला शेरा पुढं केला. "काका, एकशे चौदा नंबरचा गठ्ठा नाहीये. हे बघा. 'वाळवीने नष्ट, आढळ होत नाही.' एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा शेरा आहे."

देसल्यांनी तो कागद हातात घेतला. अक्षर त्यांचं होतं. सही त्यांची होती.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्या वर्षी शिडी मोडली होती. गठ्ठा वरच्या फळीवर होता. एक म्हातारा तीनदा आला होता त्यासाठी. मी वर बघून लिहून टाकलं."

"मग असेल तिथंच," मी म्हणालो.

प्रीतमने शिडी आणवली. देसले स्वतः चढले. त्यांना दुसऱ्या कुणाला चढू द्यायचं नव्हतं. गठ्ठा जिथं होता तिथंच होता. वाळवी लागली नव्हती. धूळ मात्र एवढी की ते खाली आले तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्या म्हाताऱ्याचं नाव आठवतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, नाही. आणि मग खूप हळू, "अर्जावर असेल."

कोतवाल बुकात नोंद सापडली. सापडल्या दोन. एक सत्तावन्न सालची, एक डिसेंबर एकसष्टची. दोन्हींत बापाचं नाव गोविंदा देसला. मुलाच्या नावाच्या रकान्यात एकदा 'मुलगा' आणि दुसऱ्यांदाही 'मुलगा'. कोतवालाने नोंद करायची तेव्हा बारसं झालेलं नसे, आणि नंतर नाव लिहायला कोण परत येणार? आता यातला कुंडलिक कोणता, हे कागदावर कुठंच नव्हतं.

ते गावी सहदेवकडे गेले. प्रतिज्ञापत्र करायचं होतं, की पहिला मुलगा तो आणि दुसरा मी. सहदेव अंगणात दोरी वळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घे तुला पाहिजे तो. मला कुठं जायचंय?"

"दादा, असं नसतं. खरं काय ते लिहायचं."

"खरं तर मी तुला कडेवर घेऊन शाळेत नेला. ते लिहितात का कुठं?"

त्यांनी अंगठा दिला. देसल्यांनी तो कागद चार प्रतींत साक्षांकित करून वकिलातीत पाठवला, आणि उत्तराची वाट बघू लागले.

तिकडे नात झाली. तिसऱ्या दिवशी इस्पितळाची बाई फॉर्म घेऊन आली, बाळाचं नाव सांगा म्हणून. सुमतीबाई म्हणाल्या, बारा दिवस तरी थांबा. ती म्हणाली, नावाशिवाय घरी सोडत नाही. अपूर्वने घाईने 'प्राप्ती' लिहिलं. सुमतीबाईंनी बाराव्या दिवशी पुन्हा पाळण्याला साडी बांधली, बाळाच्या कानात तेच नाव पुन्हा सांगितलं आणि आपलं समाधान करून घेतलं. सातव्या आठवड्यात प्राप्तीचा अमेरिकन पासपोर्ट आला. फोटो काढताना ती झोपली होती, तीन तास सगळे तिचे डोळे उघडायची वाट बघत बसले. आई, बाप आणि लेक या तिघांपैकी पक्की कागदपत्रं असलेली ती एकटी. अपूर्व आणि रुपालीच्या फ्रिजवर एक तक्ता लावलेला असतो, त्यात चतुर्थी-एकादशीच्या जागी कुणाची कुठली मुदत कधी संपते ते लिहिलेलं. प्राप्तीच्या रकान्यात पुढची पाच वर्षं काही नव्हतं. सुमतीबाई म्हणतात, रुपाली त्या रकान्याकडे बघत उभी राहायची.

आणि त्या पहाटे पाचला उठायच्या. बाळाला तेल, अंघोळ, रुपालीला शेक, दोन्ही वेळचा स्वयंपाक, मधे कपडे. पर्यटन म्हणून त्यांनी एकदा एक मोठं दुकान पाहिलं. परत आल्यावर मी विचारलं, "कंटाळा नाही आला?" त्या म्हणाल्या, "काम तेच होतं. पण रुपाली रोज रात्री म्हणायची, आई, तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं. इथं चाळीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं." देसले तिथंच पेपर वाचत होते. पेपर खाली झाला नाही, पण पान बराच वेळ उलटलं नाही.

सुमतीबाई पाच महिन्यांनी परत आल्या. त्या आल्यानंतर अकराव्या दिवशी देसल्यांचा पासपोर्ट आला. आत दहा वर्षांचा व्हिसा. कोणत्या कागदामुळे मिळाला हे त्यांना कळलं नाही, आणि या गोष्टीचा त्यांना व्हिसा न मिळण्यापेक्षा जास्त त्रास झाला. त्यांनी कारण विचारणारं एक पत्रही तयार केलं होतं. ते सुमतीबाईंनी पाठवू दिलं नाही.

आता दोघांनी मिळून जावं असं अपूर्वचं म्हणणं. पण आमची इमारत पुनर्विकासाला जायची आहे, बिल्डर दर महिन्याला कसल्या ना कसल्या सह्या मागतो, आणि घर बंद ठेवलं तर आपल्या माघारी काही ठरेल अशी सगळ्यांनाच भीती. एकजण इथं हवा. देसले म्हणाले, मी थांबतो. सुमतीबाई म्हणाल्या, "तुम्ही जा. बाळ तिकडं आहे, ते तुम्हाला ओळखत नाही. सह्या मी करते. शिकलेय मी सही."

ते फेब्रुवारीत एकटे गेले. फाइल नेली, पण या वेळी पातळ. अपूर्व आणि रुपाली दोघंही कामावर जातात, त्यामुळे दिवसभर प्राप्तीजवळ तेच असतात. तिथं दुपार आणि इथं रात्र असते तेव्हा त्यांचा फोन येतो. सुमतीबाई स्पीकरवर ठेवतात, म्हणून आम्हालाही ऐकू येतं. परवा ते विचारत होते, दुपट्याला लागलेले गाजराचे डाग कशाने जातात. सुमतीबाईंनी सांगितलं, आधी गार पाण्यात भिजवा. मग पलीकडून थोडा वेळ नुसतं नळाचं पाणी ऐकू आलं.

"किती वेळ भिजवू?" देसल्यांनी विचारलं.

"जाईपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि बिल्डरचा माणूस दाराशी आला होता म्हणून फोन ठेवला.